रुपये अठरा हजार फक्त

गेल्या महिन्यात विभागाच्या टपालात एक पांढरं पाकीट आलं. तिकीट चिकटवलेलं, पत्ता हाताने लिहिलेला. हल्ली आमच्याकडे टपालाने येतात ती प्रकाशकांची पत्रकं आणि विद्यापीठाची स्मरणपत्रं, त्यामुळे शिपायाने ते टेबलावर ठेवताना 'लग्नाची पत्रिका दिसतेय मॅडम' असं म्हणूनही टाकलं. निघालं उलटंच. मुंबईतल्या एका लहानशा ट्रस्टने आपला विद्यार्थी सहाय्य निधी यंदापासून बंद करत असल्याचं सगळ्या जुन्या लाभार्थींना कळवलं होतं. कारणं प्रामाणिकपणे दिली होती. तीन विश्वस्तांपैकी दोघे गेले, ठेवींवरचं व्याज उतरलं, आणि ऑडिटरची फी वाटायच्या रकमेच्या आसपास जाऊन पोचली. खाली एकच सही, थरथरत्या हाताची.

२००५ साली या ट्रस्टने मला १८,००० रुपये दिले होते. चेकवर निळ्या शाईत 'रुपये अठरा हजार फक्त' असं लिहिलेलं. त्या 'फक्त'चं मला तेव्हा फार हसू आलं होतं, कारण स्वतःच्या नावावर एवढी एकरकमी रक्कम मी त्याआधी पाहिलीच नव्हती. पत्र वाचून झाल्यावर मी कपाटाच्या तळातली काळी बॉक्स फाईल काढली. पाठीवर स्केचपेनने 'अर्ज' लिहिलेली. २००४ ते २०१४ या दहा वर्षांत मी बेडकांसाठी कुणाकुणापुढे हात पसरले त्याचा पुरावा. मोजले तर ३१ अर्ज भरले. ९ मंजूर झाले, १४ नामंजूर, आणि ८ अर्जांचं उत्तर अजून यायचं आहे.

रानात जाऊन प्राणी मोजायचे म्हणून पैसे मागण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आणि चांगल्या घरची आहे. सालिम अली १९३० साली जर्मनीहून शिकून परतले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. त्यांनी संस्थानांपुढे प्रस्ताव ठेवला: पक्ष्यांची पाहणी मी फुकट करून देतो, तळाचा आणि प्रवासाचा खर्च तुम्ही करा. हैदराबाद संस्थानाची पाहणी तशीच झाली, मग त्रावणकोर-कोचीनची. आजच्या आमच्या भाषेत सांगायचं तर मॅनपॉवर हेड शून्य, ट्रॅव्हल आणि कंटिंजन्सी शंभर टक्के. इतकं स्वच्छ बजेट मी नंतर कुणाचं पाहिलं नाही. पुढे १९५७ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन इंग्लंड सोडून कलकत्त्याला आले, आणि त्यांच्या भोवतीची तरुण मंडळी माडाच्या झावळ्या डावीकडे वळतात की उजवीकडे हे मोजत बसली, घाणेरीच्या कोणत्या रंगाच्या फुलावर कोणतं फुलपाखरू बसतं ते लिहून ठेवू लागली. खर्च वहीचा आणि पेन्सिलीचा. जगातल्या मोठ्या जनुकशास्त्रज्ञाला ते पुरत होतं.

त्यानंतरची चाळीसेक वर्षं मी भराभर उलटते. डीएसटी, डीबीटी ही सरकारी विज्ञानखाती आली, इमारती झाल्या, फ्रीजर आले. पीएचडीचे आमचे सर त्या काळाबद्दल तासन्‌तास बोलत. सायक्लोस्टाइल केलेले फॉर्म, दिल्लीला समक्ष जाऊन फाईल हलवणं, अमुक साहेबांच्या घरी हापूसची पेटी. मला त्यात कधी रस वाटला नाही. ती मोठ्या माणसांची, मोठ्या पैशांची गोष्ट होती आणि विद्यार्थी तिच्यात फक्त सामान उचलायला होता.

माझी गोष्ट २००४ मध्ये नेट पास होऊन जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तिथून सुरू होते. महिना ८,००० रुपये. शिवाय वर्षाला २०,००० कंटिंजन्सी. ही कंटिंजन्सी म्हणजे संशोधनाचा वरखर्च. पण ती फेलोच्या नावे फेलोच्या संस्थेला मिळते, आणि मार्गदर्शकाच्या सहीशिवाय तिच्यातला एक रुपया हलत नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या कंटिंजन्सीतून विभागाला यूपीएस मिळाला. दुसऱ्या वर्षी काचेची भांडी आणि प्रिंटरची काडतुसं. मी तक्रार केली नाही. विभागात दिवे जात होते हे खरंच होतं.

अडचण वेगळी होती. सरांचा विषय होता माशांच्या आतड्यातली पाचकद्रव्यं. मला जायचं होतं चौकुळला. आंबोलीच्या पुढे, सिंधुदुर्गात, जांभ्याचा विस्तीर्ण सडा आहे. जूनचे पहिले चार पाऊस पडले की त्या कातळावरच्या खळग्यांत पाणी साचतं. कुठे जेवणाच्या ताटाएवढं, कुठे परातीएवढं, चार बोटं खोल. त्यात बेडूक अंडी घालून जातात, आणि मग शर्यत लागते. पावसाने आठ दिवस दडी मारली तर डबकं आटतं. आटायच्या आत बेडूकमाशाला पाय फुटले पाहिजेत. पाणी कमी होतंय हे त्याला कळतं का, आणि कळलं तर तो घाई करतो का, हा माझा प्रश्न. मी तो सरांना सांगितला. ते म्हणाले, 'छान आहे. आधी प्रोजेक्टचं होऊ दे.' सर दुष्ट नव्हते. त्यांच्या प्रोजेक्टला मासे लागत होते, आणि माझा प्रश्न त्यांच्या कुठल्याच हेडमध्ये बसत नव्हता.

म्हणून १८,००० रुपये. ट्रस्टचा फॉर्म एक पान होता. नाव, पत्ता, काय करायचं आहे, किती पैसे लागतील, दोन शिक्षकांची नावं. त्यांनी ना विद्यापीठाचा शिक्का मागितला, ना 'थ्रू प्रॉपर चॅनल'. मी मागितलेल्या यादीची कार्बन प्रत फाईलमध्ये आहे. पुणे–कोल्हापूर–आंबोली एसटी, सहा फेऱ्या. चौकुळला खोलीभाडं महिना ५००, चार महिने. पाऱ्याचे थर्मामीटर, पांढरे प्लास्टिकचे ट्रे, गमबूट, ताडपत्री, टॉर्चचे सेल, आलेखकागद. शेवटची ओळ 'किरकोळ – ६०० रुपये', आणि तिच्यापुढे कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं, 'छत्री धरली आहे का?'

छत्री धरलेली नव्हती. मंजुरीच्या पत्रात ६०० चे ८०० झालेले होते.

ज्या काकूंकडे मी राहायचे त्यांना हे पैशांचं प्रकरण कळल्यावर त्या चुलीपुढून उठून बाहेर आल्या. 'बेडकां मोजूक पैशे देतत? आमच्या हयसर जल्मभर बेडूक वरडतत, आमका कोण देना नाय!' पण त्याच काकूंनी दुसऱ्या दिवसापासून मागल्या दारच्या डबक्यावर लक्ष ठेवलं आणि मी पुण्याला असताना दर सोमवारी पाणी किती उरलं ते काडीने मोजून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. माझ्या प्रबंधातला सर्वांत सलग डेटा तो आहे.

वर्षअखेर हिशेब पाठवला तेव्हा ३१२ रुपये उरले होते. ते परत कसे पाठवायचे असं विचारल्यावर ट्रस्टच्या चिटणीसांचं पोस्टकार्ड आलं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असावेत, अक्षर खातेवहीसारखं. 'शिल्लक परत पाठविण्याची तसदी घेऊ नये. ड्राफ्टला खर्च येतो. बेडकांचे काय झाले ते मात्र अवश्य कळवावे.'

मग चटक लागली. आपल्या प्रश्नाला आपल्या नावाने पैसे मिळतात हे एकदा कळल्यावर माणूस सुधारत नाही. तेव्हा देणारेही होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे चार्ल्स मॅकॅन यांच्या नावाचा क्षेत्रकार्याचा निधी होता. पुणे विद्यापीठाचं बीसीयूडी हे मंडळ कॉलेजच्या शिक्षकांना छोट्या रकमा द्यायचं, यूजीसीचे मायनर प्रोजेक्ट असायचे, आणि शिक्षक मोकळ्या मनाचा असेल तर त्यातला प्रवासखर्च विद्यार्थ्याच्या वाट्याला यायचा. परदेशातल्यांत 'आयडिया वाइल्ड' होतं. ही अमेरिकन मंडळी पैसे न देता वस्तू द्यायची. मला त्यांनी दिलेला पिवळा गार्मिन जीपीएस न्यू जर्सीहून एका मैत्रिणीच्या मावशीच्या बॅगेतून, बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात बसून आला. आणि सगळ्यांचा लाडका 'रफर्ड', इंग्लंडचा. पहिल्या खेपेला पाच हजार पौंडांच्या घरातली रक्कम, तेव्हाचे चार लाख रुपये. आमच्या पिढीतल्या निम्म्या रानबोक्यांचं पोट रफर्डवर भरलं असेल. त्यांची अट एकच, निव्वळ संशोधन चालणार नाही, संवर्धन हवं. मग आम्ही सगळे एका रात्रीत संवर्धक झालो. मी काकूंना 'स्थानिक भागधारक' केलं आणि चौकुळच्या शाळेतल्या बेडकांवरच्या तीन तासांना 'जाणीवजागृती कार्यशाळा'. तीन तास खरोखर घेतले, आणि मुलांना माझ्यापेक्षा जास्त बेडूक ओळखता येत होते हेही अहवालात लिहिलं. तो अहवाल त्यांनी जसाच्या तसा सर्वांना वाचायला खुला ठेवला.

त्या दशकाचा उत्तरार्ध पश्चिम घाटासाठी भरभराटीचा होता. २००८ पासून क्रिटिकल इकोसिस्टिम पार्टनरशिप फंडाचे ६० लाख डॉलर बंगळूरच्या 'एट्री' या संस्थेमार्फत घाटात यायला लागले. २०१० मध्ये गाडगीळ समिती नेमली गेली, २०१२ मध्ये कास युनेस्कोच्या यादीत गेलं. जुलैत आंबोलीच्या हॉटेलात चहाला बसलं की शेजारच्या टेबलावर कुणीतरी ओल्या जर्किनमध्ये डेटाशीट वाळवत असायचंच. जळवा मोजण्यावरून पैजा लागायच्या. मी हे सोनेरी काळ वगैरे म्हणून सांगत नाहीये. आम्हाला पेन्शन नव्हती, विमा नव्हता, घरचे स्थळं आणत होते. पण कोण कशावर काम करतंय हे विचारलं की प्रत्येक जण स्वतःचा प्रश्न सांगायचा, सरांच्या प्रोजेक्टचं नाव सांगायचा नाही.

आता दोन-तीन हिशेब राहिलेत, तेही सांगून टाकते.

पहिला, नावाचा. २००६ मध्ये मी एका सरकारी निधीसाठी अर्ज केला. माझ्या डबक्यांत अंडी घालणाऱ्यांत एक लहानसा भेक होता, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला. फॉर्ममध्ये चौकट होती, 'जातीचे शास्त्रीय नाव'. जवळचं नाव होतं कोयनेच्या भेकाचं, १९६३ साली दिलेलं. पण ते पट्टे जुळत नव्हते. म्हणून मी त्या नावापुढे 'बहुधा' लिहिलं. उत्तर आलं की ज्याची ओळख पटलेली नाही अशा प्राण्यासाठी निधी देणं उचित होणार नाही. २००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी त्याला नाव दिलं, झँथोफ्राइन टायगेरिना. नवी प्रजाती, नवा जीनस. मग तो आंबोलीचा भेक म्हणून लाल यादीत 'क्रिटिकली एंडेंजर्ड' झाला, पोस्टरवर आला, पर्यटक टॉर्च घेऊन त्याला शोधायला लागले. नामंजुरीचं ते पत्र मी लॅमिनेट करून घेतलं आहे.

दुसरा हिशेब मच्छरदाणीचा. २००७ मध्ये एक छोटी ग्रँट संस्थेच्या खात्यातून खर्च करायची होती. बेडूकमासे पकडायची जाळी बाजारात तयार मिळत नाही. मिळते ती माशांची, भोकं मोठी. म्हणून तुळशीबागेतून १४० रुपयांची मच्छरदाणी घेतली, कापली, तारेच्या कडीवर शिवली, आणि बिल लेखा विभागात दिलं. आठवड्याने आक्षेपाची चिठ्ठी आली: 'सदर वस्तू वैयक्तिक वापराची दिसते. खुलासा व्हावा.' मी फुलस्केपभर खुलासा लिहिला. 'सदर मच्छरदाणीत मी झोपलेले नसून' अशी त्याची सुरुवात होती. महिन्याने शेरा आला: 'खुलासा मान्य. तथापि यापुढे वस्तूचे नाव नेट, सॅम्पलिंग असे लिहून आणावे.' पुढल्या पावसाळ्यात मी दुकानदाराला तसं लिहायला सांगितलं. तो म्हणाला, 'सॅम्पल कसलं ताई, अख्खा माल नेताय की!' पण लिहिलं त्याने. एसटीच्या तिकिटांचंही असंच. कंडक्टरच्या हातात मशीन आलं आणि तिकिटावरची शाई उडायला लागली. कोरे कागद चिकटवून पैसे मागता का, असं मला चारचौघांत विचारण्यात आलं. तेव्हापासून मी आधी तिकिटाची झेरॉक्स काढते, मग घरी जाते.

तिसरा हिशेब अजून मिटलेला नाही. २०१० मध्ये एका मोठ्या निधीकडे मी पाठवलेला अर्ज नामंजूर झाला. अशा अर्जांची गुप्तपणे छाननी होते, छाननी करणारे आपल्याच क्षेत्रातले असतात, आणि त्याला इलाज नाही. दीड वर्षाने एका परिषदेत मी मागच्या रांगेत बसले होते. पडद्यावर स्लाइड आली. माझी तीन गृहीतकं, त्याच क्रमाने. योगायोग म्हणून सोडलंही असतं, पण 'डेसिकेशन' या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगात मी चुकून दोन एस आणि एक सी लिहिला होता, आणि पडद्यावरही दोन एस आणि एक सी होता. प्रोजेक्ट ४२ लाखांचा. चहाच्या वेळी त्या स्लाइडच्या वक्त्यांनी आपणहून माझ्याजवळ येऊन सांगितलं की तुमचं काम ऐकून आहे, आमच्याकडे प्रोजेक्ट असिस्टंटची एक जागा आहे. मी नाही म्हटलं. माझी फेलोशिप तोवर संपली होती, आणि नाही म्हणणं मला अजिबात परवडण्यासारखं नव्हतं.

२०१४ मध्ये मला कॉलेजात नोकरी लागली आणि फाईलीतले कागद तिथे थांबतात. पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लिहिताना माझा आवाज चढतो.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्यात बीसीयूडी हे मंडळच उरलं नाही. २०१७ मध्ये बारावी पंचवार्षिक योजना संपली, आणि मायनर प्रोजेक्ट हे शब्द स्टाफरूममधून नाहीसे झाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मैत्रिणीही रडत होत्या. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने पीएचडीच्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी मिळणारी छोटी ग्रँट जीवशास्त्रात बंद केली. (त्यांच्याकडे निदान सिग्मा झाय उरलं. १९२२ पासून विद्यार्थ्यांना छोट्या रकमा देत आलेत.) २०२० च्या सप्टेंबरात परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा बदलला. परदेशी निधी घेणारी संस्था तो पैसा आता दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एका ठरलेल्या शाखेत हवं. कोल्हापूर-सावंतवाडीकडच्या लहान संस्था मोठ्या संस्थेच्या हाताखाली दोन-चार लाखांचं काम करायच्या आणि त्यात एखाद्या पोराचा पावसाळा निघायचा, तो रस्ता बुजला.

पैसा कमी झाला म्हणावं तर तसंही नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला तेव्हा पाच वर्षांत ५०,००० कोटी हा आकडा होता. २०२५ च्या जुलैत संशोधन आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटींच्या योजनेला मंजुरी मिळाली. जेआरएफही वाढली. २००७ ला १२,०००, २०१० ला १६,०००, २०१४ ला २५,०००, २०१९ ला ३१,०००, आता ३७,०००. दर वेळी आंदोलन करून मिळाली, आणि मिळालेली वेळेवर येईलच असं नाही. केंद्राच्या 'इन्स्पायर' योजनेचे फेलो कित्येक महिने पैशांविना राहिल्याच्या बातम्या आपण वाचल्याच. पण कंटिंजन्सी? माझ्या वेळी वर्षाला २०,०००. आज वर्षाला २०,०००. तेव्हाही फेलोच्या हातात नाही, आजही नाही. पोट भरायचा आकडा चौपटीहून वर गेला आणि प्रश्न विचारायचा आकडा वीस वर्षं जागचा हलला नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. मागणाराच नसेल तर वाढवणार कोण? मोर्च्यात 'आमची कंटिंजन्सी आम्हाला द्या' ही घोषणा मी तरी कधी ऐकली नाही.

माझी एक विद्यार्थिनी आहे. साताऱ्याकडची, पहिल्या वर्षाला. तिला पाहायचं आहे की सड्यांच्या कडेला जी रिसॉर्ट झाली आहेत त्यांच्या फ्लडलाइटच्या उजेडात बेडूक कमी ओरडतात का. २०२३ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात फेलोशिपवर बोलताना पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, असा सवाल एका उपमुख्यमंत्र्यांनी केला होता. माझ्या विद्यार्थिनीचा विषय दिवे विझवण्याचा आहे, हे त्यांना कळवायला हवं होतं.

तिला लागतात ३५,००० रुपये. एक ध्वनिमुद्रक, चार डेटा लॉगर, प्रवास. आम्ही दोघी तीन संध्याकाळी संगणकापुढे बसलो. एका ठिकाणी 'वैयक्तिक विद्यार्थी पात्र नाहीत'. दुसरीकडे अर्जदार फक्त कायम नोकरीतला शिक्षक. तिसऱ्या फॉर्ममध्ये टीआरएल विचारला होता. म्हणजे तुमचं तंत्रज्ञान बाजारात यायला किती तयार आहे, १ ते ९ या श्रेणीत. तिने माझ्याकडे पाहिलं. 'मॅडम, बेडकाचा टीआरएल किती टाकू?' मी ९ टाक म्हटलं. बेडूक कोट्यवधी वर्षं बाजारात आहे. तिने १ टाकला. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे. अर्ज पुढे गेलाच नाही, कारण औद्योगिक भागीदाराचं पत्र जोडल्याशिवाय 'सबमिट'चं बटण उमटत नव्हतं.

आणि मग मी जे बोलले ते इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. माझ्याकडे ३० लाखांचा एक प्रोजेक्ट चालू आहे. नदीच्या पाण्यातल्या डीएनएवरून मासे ओळखायचे. त्यात एक जागा आहे, किट आहेत, मुदत आहे, आणि यूसी, म्हणजे पैसे खर्च झाल्याचा दाखला, वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता नाही. मी तिला म्हणाले, 'छान आहे तुझा प्रश्न. आधी प्रोजेक्टचं होऊ दे.'

शब्द तोंडातून गेल्यावर ऐकू आले. पुन्हा मासेच, तेवढासुद्धा फरक नाही. ती 'हो मॅडम' म्हणाली आणि पिपेट घेऊन आत गेली.

ट्रस्टचं पाकीट आलं ते त्यानंतर चार दिवसांनी. त्या रात्री मी फाईल चाळत बसले तेव्हा ते पोस्टकार्ड हाताला लागलं, आणि लक्षात आलं की मी ९ देणगीदारांना अहवाल पाठवले, यूसी पाठवली, तिकिटांच्या झेरॉक्स पाठवल्या. ज्यांनी काहीच मागितलं नव्हतं त्यांनी एकच गोष्ट विचारली होती आणि तिचं उत्तर मी दिलेलं नाही. प्रबंधाची घाई होती, मग नोकरीची, मग राहून गेलं. चिटणीस त्या गेलेल्या दोघांपैकी एक असणार.

म्हणून मग पत्राखाली ज्यांची सही होती त्या बाईंना लिहायला बसले. २००५ च्या हिशेबातले ३१२ रुपये माझ्याकडे शिल्लक होते, ते आणि माझे ३४,६८८ मिळून एका मुलीला दिले आहेत, तिला छत्री वेगळी घ्यायला सांगितली आहे, असं लिहिलं. बिल मागणार नाही असंही तिला सांगितलं आहे. प्रोजेक्टच्या माशांचं काय करायचं ते पावसाळा संपल्यावर पाहू. हप्ता लांबला तर लांबला, असं म्हणायचा धीर अजून पुरता झालेला नाही, पण तिचं जूनचं एसटीचं आरक्षण झालं आहे.

बेडकांचं काय झालं तेही कळवलं. पाणी कमी होतंय हे त्यांना कळतं. उथळ डबक्यांतले घाई करतात, खोल डबक्यांतल्यांच्या कितीतरी आधी पाय फोडून कातळावर येतात, पण अंगाने लहान राहतात, आणि त्यांतले किती पुढच्या पावसापर्यंत टिकतात हे मोजायला तेव्हा पैसे पुरले नव्हते. मी मोजलेल्या ४१ डबक्यांपैकी काही आता एका वाहनतळाखाली आहेत. काकूंच्या मागल्या दारचं अजून भरतं.

पाच रुपयांचं तिकीट लावून पाकीट पेटीत टाकलं. त्याला तीन आठवडे झाले.